सिस्टर, तुम्ही आखलेला तो पाचवा कॉलम

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये. बाबा गेल्यावर सहा आठवड्यांनी तुमचा फोन आला होता, आठवतंय? आई कशी आहे, तू कशी आहेस, झोप लागते का, असं सगळं विचारलंत. मी हो हो, ठीक आहे सगळं, असं म्हणून फोन ठेवला आणि उगाच घासलेलीच भांडी परत घासत बसले. तेव्हा बोलायचं राहिलं ते आता लिहितेय, एका दमात लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी एक कबुली. तुम्ही पहिल्यांदा वॉर्डात आलात ना, तेव्हा मला तुमचा प्रचंड राग आला होता. डॉक्टर मॅडम म्हणाल्या त्रास कमी करायला पॅलिएटिव्ह टीमला बोलावून घेऊ, आणि माझ्या पोटात गोळाच आला. आमच्या डोक्यात पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, संपलं. आणि इथे तर बाबांच्या ब्लड कॅन्सरची ट्रीटमेंट चालू होती, महिन्यातले सात दिवस अ‍ॅझासिटिडिनची इंजेक्शनं, जोडीला व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या, ब्लास्ट्स, म्हणजे कॅन्सरच्या कच्च्या पेशी, खाली आले होते, मग तुम्ही कशाला? मी तुम्हाला कॉरिडॉरमध्ये गाठून सांगितलंसुद्धा, बाबांसमोर तो शब्द काढू नका म्हणून. तुम्ही शांतपणे म्हणालात, "नाही काढत. पण त्यांचं तोंड आतून किती सोललंय ते बघितलंस का? जेवत नाहीत ते रुसून नाही, गिळताना दुखतंय त्यांना."

आम्ही बघितलंच नव्हतं. आठ दिवस आम्ही त्या माणसाला जेवा जेवा म्हणून ओरडत होतो.

मग तुम्ही मऊ ब्रश, मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या आणि जेवणाआधी तोंड बधिर करणारं औषध सुरू करून दिलंत, आणि तिसऱ्या दिवशी बाबा स्वतः म्हणाले, काहीतरी द्या खायला. माझा राग तिथेच निम्मा गेला. उरलेला निम्मा डायरीने घालवला.

ती डायरी तुम्हाला आठवत असेलच. बाबा जन्मभर अकाउंट्समध्ये, त्यामुळे एएमएलचं (हाच तो ब्लड कॅन्सर) निदान झालं त्या दिवसापासून पट्टीने आखून चार कॉलम: तारीख, हिमोग्लोबिन, डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी), प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी). रिपोर्ट आला की आधी डायरी. काउंट वर गेला की दिवस चांगला, खाली गेला की घरात सुतक. नॉर्मल माणसाचे प्लेटलेट्स १.५ ते ४.५ लाख असतात आणि आम्ही १४ हजार बघून पेढे वाटायचे बाकी ठेवायचो, असली आमची अवस्था. तुम्ही ती डायरी मागून घेतलीत, चाळलीत, बाबांचीच पट्टी घेऊन शेजारी पाचवी रेघ मारलीत आणि वर लिहिलंत, "आज काय झालं, आकडा सोडून". बाबा तुमच्याकडे असे बघत होते की कुणीतरी त्यांच्या लेजरवर चहा सांडलाय. पहिले तीन दिवस त्यांनी तिथे "काही नाही", "काही नाही", "तेच" असं लिहिलं. चौथ्या दिवशी: "जिना १ मजला. थांबून." मग "हिच्याशी भांडण, हरलो." आणि एक दिवस, तारखेसमोर काउंट बरा होता हां, २२ हजार, आणि पाचव्या कॉलममध्ये: "रात्री ३ ला जाग. भीती वाटली. कोणाला उठवलं नाही."

मी ते वाचून बाथरूममध्ये जाऊन रडले. आकडा चांगला होता ना, म्हणून आम्ही सगळे त्या दिवशी खूश होतो!

तिथून पुढे आमच्या घरात खरं बोलणं सुरू झालं. तोपर्यंत आम्ही बाबांपासून लपवत होतो आणि बाबा आमच्यापासून, सगळ्यांना सगळं माहीत आणि सगळे नाटक करतायत.

बाबा गेल्यानंतर मी याविषयी बरंच वाचलं. ज्यांनी हे आधुनिक हॉस्पिसचं, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेण्याचं, काम उभं केलं, १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स सुरू केलं, त्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग सोशल वर्कर झाल्या आणि नंतर डॉक्टर. वेदना नुसती शरीराची नसते, मनाची, नात्यांची, श्रद्धेची सगळी मिळून एकच असते असं त्या म्हणायच्या. मला वाचताना तुमची ती रेघच दिसली. आणि दुसरं म्हणजे, एएमएलच्या १६० पेशंट्सवर अमेरिकेत चार हॉस्पिटलांत अभ्यास झालाय, २०२१ मध्ये छापून आला, त्यात निम्म्या लोकांना जोरदार किमो चालू असतानाच पॅलिएटिव्ह टीम दिली होती. त्यांचं रोजचं जगणं बरं राहिलं, चिंता आणि नैराश्य कमी राहिलं. किमो चालू असतानाच, हे परत लिहितेय कारण मी तुम्हाला कॉरिडॉरमध्ये जे ऐकवलं होतं ते आठवून मला अजून लाज वाटते.

ब्लड कॅन्सरमध्ये गोची अशी आहे की "आता शेवट" असं स्पष्ट कोणालाच दिसत नाही. अजून एक औषध असतं, अजून एक ट्रायल असते, कोणाला ट्रान्सप्लांट असतो, आणि मग एक इन्फेक्शन येतं आणि चार दिवसांत सगळं होऊन जातं. शेवट दिसल्यावर बोलावू म्हणणारे बोलवायचेच राहून जातात. आमचंही तेच झालं असतं.

अकराव्या महिन्यात ब्लास्ट्स परत आले. हाडं दुखायला लागली, छातीचं हाड तर हात लावू देईना. मी घरातली नेहमीची पेनकिलर द्यायला निघाले होते आणि तुम्ही फोनवर अक्षरशः ओरडलात, तुमचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. प्लेटलेट्स एवढे कमी असताना त्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो हे आम्हाला कुठे माहीत. दंडात, कमरेत इंजेक्शन नको, एनिमा नको, पॅरासिटामॉलसुद्धा ताप मोजल्याशिवाय नको, नाहीतर ताप झाकला जाईल आणि इन्फेक्शन कळणारच नाही. हे सगळं तुम्ही एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावायला दिलंत, तो कागद अजून तिथेच आहे, काढवत नाही.

आणि मॉर्फिन. आई म्हणाली होती ते दिलं की माणूस परत उठत नाही. तुम्ही अगदी कमी डोसने सुरू केलंत आणि त्याच दिवशी पोट साफ होण्याचं औषधही, कारण मॉर्फिनने कोठा जड होणारच आणि बाबांना कुंथायला लागणं परवडणारं नव्हतं. बाबा त्या मॉर्फिनवर जवळपास तीन महिने पेपर वाचत होते, शब्दकोडं सोडवत होते आणि आईच्या चुका काढत होते. परत उठत नाही म्हणे!

रक्ताच्या पिशव्यांचं मात्र सगळ्यात अवघड गेलं. आधी आठवड्याला एक, मग दोन, मग दिवसाआड प्लेटलेट्स. सकाळी निघायचं, सॅम्पल, क्रॉसमॅच, वाट बघा, मधेच थंडी वाजून ताप, रात्री घरी. दुसऱ्या दिवशी काउंट ६ हजार. म्हणजे चढवलं ते गेलं कुठे? तोपर्यंत एका दुसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरने आम्हाला उभ्या उभ्या सांगितलं होतं की आता काही करण्यासारखं नाही, असो. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुम्ही बाबांनाच विचारलंत, "काका, पिशवीनंतर बरं वाटतं का? किती वेळ? दोन आठवडे पाचव्या कॉलममध्ये लिहा, मग आपण ठरवू."

आणि बाबांनी हिशेब केला. लाल रक्ताच्या पिशवीनंतर: "धाप कमी, ३ दिवस." प्लेटलेट्सनंतर: "फरक नाही. दिवस गेला." लागोपाठ पाच वेळा "दिवस गेला". पंधराव्या दिवशी डायरी तुमच्यासमोर ठेवून स्वतःच म्हणाले, हा खर्च बंद करा. मॅडम, तुम्ही, बाबा, आई, मी, सगळे बसून ठरलं की लाल पिशवी उपयोग होतोय तोवर चालू, प्लेटलेट्स फक्त रक्त आलं तर, आकड्यासाठी नाही. मग सीबीसीच, म्हणजे काउंटची ती रक्ततपासणीच, बंद झाली. डायरीचे मधले तीन कॉलम कोरे.

त्याच आठवड्यात तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात की गडद रंगाचे टॉवेल आणि चादरी हाताशी ठेव, पांढरं काही नको, जास्त रक्त आलंच तर गडद कापडावर कमी दिसतं, त्यांनाही आणि तुम्हालाही. आणि तसं झालंच तर त्यांना शांत करणारं कुठलं औषध किती द्यायचं तेही लिहून दिलंत. इतकं भयंकर वाक्य इतक्या साध्या आवाजात मी कधी ऐकलं नव्हतं. मी चार मरून टॉवेल आणून कपाटात ठेवले. ते लागले नाहीत. हिरड्यांतून थोडं यायचं, त्यावर ट्रॅनेक्सामिकमध्ये भिजवलेला गॉजचा बोळा दाबून धरला की थांबायचं. पण ते टॉवेल कपाटात आहेत एवढ्यावर मी रात्री बाबांच्या शेजारी बसू शकले, नाहीतर पळून गेले असते, खरंच.

शेवटचे चार दिवस बाबा औषध सतत सोडणाऱ्या पंपावर होते. त्याच्या आदल्या दिवशी धाप वाढली तेव्हा तुम्ही ऑक्सिजनच्या आधी टेबलफॅन मागवलात आणि तोंडासमोर धरायला लावलात, मला वाटलं हे काय आता. बाबांच्या हातचं डायरीतलं शेवटचं वाक्य त्या दिवसाचं आहे, अक्षर तिरकं गेलंय: "पंखा बरा वाटतो."

थँक्यू सिस्टर. त्या रेघेसाठी, त्या कागदासाठी, न लागलेल्या टॉवेलांसाठी, आणि माझ्यावर ओरडल्याबद्दल.

आई बरी आहे, परवापासून शब्दकोडं सोडवायला लागलीये, बाबांसारखीच पेनाने. आणि तुम्ही फोनवर विचारलं होतंत झोप लागते का, तर मी तेव्हा खोटं बोलले होते. अजिबात लागत नव्हती, तीनला जाग यायची. आता साधारण पाच तास लागते.