मोटरसायकलची डॉली घेण्यापूर्वी

प्रिय निखिल,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. गाडी गॅरेजात आत नेताना त्रास होत नाही, पण बाहेर काढताना मोटार आणि भिंत यांच्यामध्ये हँडल अडकते, म्हणून चाकांची डॉली, म्हणजे गाडी वर चढवून हवी तिकडे सरकवायची चौकट, घ्यावी का, असे तू विचारले आहेस. घ्यावी, असे माझे मत आहे. पण कोणती घ्यावी हे ठरवण्याआधी एकदा गुडघे टेकून गॅरेजची जमीन नीट पाहून घे, कारण डॉली चालणार की जागीच अडून बसणार, हे बहुतांशी तिच्याखालची जमीनच ठरवते.

आधी तिचा उपयोग किती, ते सांगतो. मध्यम आकाराची मोटरसायकल २ ते २.२ मीटर लांब आणि हँडलपाशी सुमारे ८० सेंटिमीटर रुंद असते. ती स्वतःच्या चाकांवर वळवायची म्हटली, तर अरुंद जागेत कितीतरी वेळा मागे-पुढे करावी लागते. डॉलीवर चढवली की तीच गाडी जागच्या जागी गोल फिरते, शिवाय आडवी सरकते, त्यामुळे ती भिंतीला लागून उभी करता येते. मात्र गाडी डॉलीवर चढवायला आणि उतरवायला तिच्या पुढे किंवा मागे जवळजवळ आणखी एका गाडीची लांबी मोकळी लागते, आणि ती जागा डॉली काही वाचवत नाही. काही मंडळी डॉलीच्या भानगडीत न पडता गाडी साइड स्टँडवर कलवतात, दोन्ही चाके अधांतरी करतात आणि गाडी गर्रकन फिरवतात. दिसायला ते ऐटदार दिसते. पण त्या क्षणी सगळे वजन स्टँडच्या एका बोल्टावर आलेले असते, आणि काही गाड्यांत तो बोल्ट थेट इंजिनाच्या आवरणात बसवलेला असतो. तुझ्या गाडीवर हा प्रयोग तू करू नयेस.

डॉलीचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात जाड पत्र्याला चार चाके लावलेली असतात आणि गाडीचा डबल स्टँड त्या पत्र्यावर टेकतो. दुसऱ्यात लांब चॅनेल, म्हणजे दोन्ही कडा उभ्या असलेली पन्हाळीसारखी पट्टी असते, त्यात गाडीची दोन्ही चाके एका रेषेत बसतात आणि साइड स्टँडसाठी बाजूला एक पाय काढलेला असतो. तुझ्या गाडीला डबल स्टँड नसेल, तर पहिला प्रकार आपोआप बाद होतो. असला, तरी माझा कल चॅनेलकडेच आहे, कारण पत्र्यावर गाडी चढवताना स्टँडला पत्र्याच्या जाडीइतके जास्त उचलावे लागते आणि तेवढ्यानेही गाडी एकदम जड वाटू लागते. त्यावर उपाय असा, की मागच्या चाकाखाली पत्र्याच्याच जाडीची फळी सरकवायची, गाडी फळीवर घ्यायची आणि मग स्टँडच्या पावलीवर शरीराचा सगळा भार द्यायचा. डावा हात हँडलवर आणि उजवा ग्रॅब रेलवर, म्हणजे सीटमागच्या धरायच्या दांडीवर असला, तरी त्यांचे काम गाडी सरळ धरण्याचे. ती उचलायची पायाने. हाताने ओढणाऱ्याची पाठ धरते.

चॅनेलची डॉली पाहताना रंग आणि चकाकी सोडून तिची चाके पाहा. ती चॅनेलच्या खाली बसवलेली असतील, तर गाडी विनाकारण उंच जाते. दोन्ही बाजूंना काढलेल्या हातांच्या टोकांना बसवलेली असतील, तर चॅनेल जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर राहते आणि पायाही रुंद मिळतो. चॅनेलची रुंदी मागच्या टायरच्या रुंदीवरून ठरवायची, पुढच्या नव्हे. साइड स्टँड जिथे टेकतो ती पट्टी चॅनेलच्या तळाशी समपातळीत हवी, याकडे विशेष लक्ष दे. पट्टी खाली असेल, तर गाडी नेहमीपेक्षा जास्त कलते. वर असेल, तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि जराशा धक्क्याने उजवीकडे, म्हणजे जिथे आधार देणारे काहीही नसते त्या बाजूला, आडवी होते.

वजनाचा हिशेब साधा आहे. गाडी २०० किलो आणि डॉली २० किलो धरली, तर चार चाकांवर प्रत्येकी ५५ किलो येतात, असे कागदावर दिसते; पण कोबा कुठेच आरशासारखा सपाट नसतो, एखादे चाक अधांतरी राहतेच, म्हणून भार तीन चाकांनी भागावा. उत्तर ७५ किलोच्या आसपास येते, तेव्हा प्रत्येक चाक निदान १०० किलोचे घ्यावे. व्यास जितका मोठा तितके बरे. ५० मिलिमीटरचे चाक बारीक खड्यापुढेही हात टेकते, ७५ किंवा १०० मिलिमीटरचे त्यावरून निघून जाते. नायलॉनची चाके हलकी पळतात, पण आवाज करतात आणि खडा दिसला की अडतात. पॉलियुरेथेनची थोडी जड चालतात, मात्र जमिनीवर ओरखडे उठू देत नाहीत. महिनोन्‌महिने भाराखाली एकाच जागी उभी राहिली, तर तीही एका बाजूने चपटी होतात, एवढे लक्षात ठेव.

आता जमिनीकडे येतो. गॅरेजला दाराकडे ढाळ दिलेला असतो, कारण पाणी बाहेर जायला हवे. ५० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर इतका ढाळ डोळ्यांना दिसतही नाही. पण २०० किलोची गाडी त्यावर चार किलोच्या जोराने सतत दाराकडे ओढली जात असते, आणि चांगल्या बेअरिंगची चाके असतील तर ती आपणहून निघते. म्हणून किमान दोन चाकांना लॉक हवेच, आणि ढाळाच्या खालच्या बाजूला तू कधीही उभा राहायचे नाहीस. कोब्यातला सांधा ही दुसरी अडचण. चाक सांध्यात समांतर शिरले की रुतते. सांधा तिरका ओलांडला, तर एका वेळी एकच चाक त्यावर येते आणि डॉली निघून जाते. गाडी हलवण्यापूर्वी जमीन झाडून घ्यायलाच हवी, कारण एवढ्या मोठ्या यंत्राला थांबवायला तांदळाएवढा खडा पुरतो.

ढकलताना एक गंमत तुझ्या लक्षात येईल. डॉली पुढे नेऊन लगेच मागे आणू लागलास, की चारही चाके आपापल्या खुंट्यांभोवती वळतात आणि तेवढ्या वेळात सगळी डॉली दोन-तीन सेंटिमीटर बाजूला झोक घेते. हा झोक भिंतीजवळ आरशाला महागात पडतो. तेव्हा दिशा बदलण्याआधी क्षणभर थांब आणि हळूच जोर लाव. जोर नेहमी खाली लावायचा, डॉलीच्या चौकटीवर पायाने किंवा फुटरेस्टजवळ हाताने. हँडल धरून ढकललेस, तर गाडी सरकण्याऐवजी कलू लागते.

साइड स्टँडवर उभी असलेली गाडी पुढे सरकली की स्टँड मागे मिटतो, हे तुला ठाऊकच आहे. डॉलीवर हा धोका वाढतो, कारण पुढे जाणारी डॉली खड्याला अडून थांबली, तरी वरची गाडी पुढेच जाऊ पाहते. त्यामुळे गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेव, पुढच्या ब्रेकचा लिव्हर पट्ट्याने आवळून बांध आणि हँडल डावीकडे वळवून लॉक कर. चॅनेलच्या कडांमुळे चाक तेवढे वळत नसेल, तर सरळच राहू दे; मग गिअर आणि ब्रेक यांवर भिस्त ठेव.

उतरवताना क्रम उलटा: आधी डॉलीची चाके लॉक, मग पट्टा सोडायचा, मग गाडी सरळ धरून स्टँड वर घ्यायचा आणि गिअर काढून, उजव्या हाताची बोटे पुढच्या ब्रेकवर ठेवून, गाडी हळूहळू मागे घ्यायची. तुझे पाय चॅनेलच्या बाहेर, जमिनीवर असू देत. डॉलीवर गाडी असताना तिच्यावर बसू नकोस आणि एक्सलचा घट्ट नट खोलायलाही जाऊ नकोस. त्या कामाला पॅडॉक स्टँड, म्हणजे चाक जमिनीपासून उचलून धरणारा स्टँड, वेगळा मिळतो.

चार दिवस सुटी असली, तर चांगल्या वेल्डरकडून ही डॉली बनवूनही घेता येईल. त्यासाठी मला तीन मापे कळव: दोन्ही चाकांच्या मध्यांतील अंतर, मागच्या टायरची रुंदी, आणि गाडी उभी असताना साइड स्टँडचे टोक टायरच्या मध्यरेषेपासून बाजूला किती लांब टेकते ते. डबल स्टँड आहे की नाही, तेही लिही. मापे आली की आकृती काढून पाठवतो.

तुझा,
प्रशांत