‘कृपया इंटरनेट तपासा’ हा संदेश खरा असायला हवा

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मोबाईल ॲप तयार करणे हा माझा व्यवसाय आहे. त्या अनुभवावरून एका लहान दिसणाऱ्या, पण असंख्य लोकांची कामे अडवून ठेवणाऱ्या दोषाकडे आपल्या दैनिकातून लक्ष वेधू इच्छितो. ॲप वापरताना काही बिघडले की पडद्यावर बहुधा एकच वाक्य येते : ‘इंटरनेट कनेक्शन नाही, कृपया तपासून पुन्हा प्रयत्न करा.’ हे वाक्य अनेकदा खरे नसते. चूक सर्व्हरची (ॲपला माहिती पुरवणाऱ्या दूरच्या संगणकाची) किंवा ॲपची असली, तरी त्या वाक्यामुळे दोष फोन हातात धरलेल्या माणसाकडे जातो आणि तो बिचारा फोन बंद-चालू करत, सिमकार्ड काढून-घालत बसतो.

फोन टॉवरशी किंवा वायफायशी जोडलेला असणे, त्या जोडणीतून पुढे इंटरनेटपर्यंत पोहोचता येणे आणि आपल्याला हव्या त्या सर्व्हरने वेळेत उत्तर देणे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पडद्याच्या कोपऱ्यातल्या उभ्या रेषा यांपैकी फक्त पहिलीबद्दल सांगतात. रस्त्याच्या खोदकामात टॉवरकडे जाणारी केबल तुटली, तरी काही वेळा रेषा भरलेल्याच दिसू शकतात. दिवसाचा डेटा संपल्यावर अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ हजार बिट, म्हणजे अगदी मंद) येतो, तेव्हाही रेषा कमी होत नाहीत. गावात लोक ‘रेंज आहे, पण नेट नाही’ असे सहज म्हणतात, आणि तो फरक अगदी बरोबर आहे. ॲपला मात्र तो पुष्कळदा कळत नाही.

तो कळण्याची सोय नाही, असे नव्हे. अँड्रॉइड फोन नव्या जोडणीनंतर स्वतःहून गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर विनंती पाठवतो आणि तिकडून २०४ या क्रमांकाचे, आत काहीही मजकूर नसलेले उत्तर येते का ते पाहतो. त्याऐवजी एखादे लॉगिनचे पान परत आले, तर ‘हे वायफाय आधी नोंदणी मागते’ हे त्याला समजते. आयफोनही ॲपलच्या एका पानावर ठरावीक शब्द मिळतो का, हे तपासतो. मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये सुरू झालेल्या मोफत वायफायसारख्या, ओटीपी मागणाऱ्या सेवांमध्ये ही तपासणी फार उपयोगी पडते, कारण तिथे फोन वायफायला जोडला जातो, पण ओटीपी देईपर्यंत इंटरनेट मिळत नाही. तपासणीचा हा निकाल अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, प्रत्येक ॲपला विचारता येतो. तरीही असंख्य ॲप्समध्ये ‘फोन जोडलेला आहे का?’ हा जुनाच प्रश्न विचारला जातो. तो विचारण्याची पद्धत कालबाह्य असल्याचे अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीत, २०१९ मध्ये, जाहीर झाले आहे. जुना कोड एका प्रकल्पातून दुसऱ्यात जसाच्या तसा चिकटवला जातो, हे त्याचे साधे कारण आहे.

अर्थात नवा प्रश्न विचारूनही भागत नाही. गूगलचा सर्व्हर उत्तर देतो म्हणून आपल्या ॲपचा सर्व्हर देईलच, असे नाही. शिवाय विचारले तेव्हा असलेले नेट पाठवण्याच्या क्षणी टिकून असेल, याची खात्री नसते. एसटी घाटात शिरायला तेवढाच अवधी पुरतो. म्हणूनच आधी चौकशी करून मग पाठवण्यापेक्षा सरळ पाठवावे आणि जमले नाही तर ते अपयश नीट हाताळावे, असा ॲपलचा विकासकांना सल्ला आहे. नेट येईपर्यंत विनंती थांबवून ठेवण्याची सोयही आयफोनमध्ये २०१७ पासून आहे.

खरा घोळ अपयश हाताळण्यातच होतो. सर्व्हरमधला बिघाड, चुकलेला पत्ता, मुदत संपलेले सुरक्षा-प्रमाणपत्र (सर्व्हर खरा असल्याचा डिजिटल दाखला) या सगळ्या निराळ्या चुका कोडमध्ये एकाच ठिकाणी पकडल्या जातात आणि सर्वांवर ‘इंटरनेट नाही’ हाच शिक्का मारला जातो. समजा, काही कारणाने फोनमधली तारीख दोन-तीन वर्षे मागे गेली आहे. त्या फोनच्या दृष्टीने सर्व्हरचे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते, म्हणून तो जोडणी नाकारतो. यात इंटरनेटचा काहीही संबंध नाही आणि तारीख दुरुस्त केली की काम लगेच होते. पण ॲप तसे सांगतच नाही, त्यामुळे माणूस रिचार्ज मारून येतो. जुन्या फोनच्या बाबतीत ३० सप्टेंबर २०२१ रोजी असेच घडले. त्या दिवशी जगभर वापरात असलेल्या एका मूळ प्रमाणपत्राची (ज्याच्या आधारावर इतर प्रमाणपत्रे खरी मानली जातात, त्याची) मुदत संपली आणि ज्या उपकरणांना वर्षानुवर्षे अपडेट मिळालेले नव्हते, त्यांपैकी अनेकांवर काही सेवा उघडेनाशा झाल्या. नेट मात्र व्यवस्थित चालू होते.

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. नोंद सर्व्हरवर पोहोचते, पण तिची पोच परत येताना वाटेत हरवते. ॲप म्हणते, ‘अयशस्वी’. माणूस पुन्हा बटण दाबतो आणि एकाच कामाच्या दोन नोंदी होतात, प्रसंगी पैसेही दोनदा जातात. प्रत्येक नोंदीला पहिल्यांदा पाठवण्याआधीच फोनमध्ये एक स्वतंत्र क्रमांक दिला आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास सर्व्हरने जुनीच पोच परत दिली, तर हा प्रश्न मिटतो. नोंद आधी फोनमध्ये जतन करून ‘पाठवणे बाकी’ अशी दाखवावी आणि नेट आल्यावर ती आपोआप जावी, ही सोयही अँड्रॉइडमध्ये तयार मिळते. तीत दर प्रयत्नानंतरचे अंतर वाढवत नेता येते, त्यामुळे बंद पडलेला सर्व्हर सुरू होताच हजारो फोन एकाच क्षणी त्याच्यावर तुटून पडत नाहीत.

छायाचित्रांचा हिशेबही कुणीतरी करायला हवा. २ एमबीचे छायाचित्र ६४ केबीपीएसच्या वेगाने जायला चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो. ॲपने अर्ध्या मिनिटाची मर्यादा घातली असेल, तर ते कितीही वेळा पाठवले तरी जाणार नाही. तेच छायाचित्र फोनमध्येच २०० केबीपर्यंत लहान केले, तर साधारण पंचवीस सेकंदांत जाते.

या दोषांना मी इतके महत्त्व देतो, याचे कारण सरकारी कामे आता शेतात आणि वाडीवर फोनवरून होतात. अंगणवाडी सेविकांच्या नोंदींसाठी पोषण ट्रॅकर मार्च २०२१ मध्ये आला, ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आणि रोजगार हमीच्या कामांवर मोबाईलवरून छायाचित्रासह हजेरी १ जानेवारी २०२३ पासून देशभर बंधनकारक झाली. यांपैकी कोणत्याही एका ॲपविरुद्ध ही तक्रार नाही. परंतु ज्या नोंदीवर मजुरी किंवा नुकसानभरपाई अवलंबून आहे, ती घेणारे ॲप धडगाव, भामरागड किंवा मेळघाटातल्या नेटवर्कवर तपासूनच लोकांच्या हाती द्यायला हवे. हिंजवडीच्या कार्यालयात नव्या फोनवर आणि फायबरच्या वायफायवर ते नेहमीच चालते. तपासणी म्हणून विमान मोड लावून पाहिला जातो, पण ती सर्वांत सोपी स्थिती आहे, कारण तेव्हा नेट निश्चित नसते. अवघड असते ते अर्धवट, अडखळणारे नेट. तसे नेट कृत्रिमरीत्या निर्माण करण्याची साधने अँड्रॉइड आणि ॲपल दोन्हींकडे विनामूल्य आहेत.

म्हणून शासनाने ॲपच्या निविदेतच अटी घालाव्यात, अशी माझी विनंती आहे. नेट नसताना नोंद फोनमध्ये सुरक्षित राहिली पाहिजे. संदेश मराठीत आणि खऱ्या कारणाचा असावा : ‘तुमचे नेट चालू आहे, पण आमचा सर्व्हर उत्तर देत नाही, तुमची नोंद जतन केली आहे.’ तसेच मुदत मोजताना नोंद सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ न धरता ती केल्याची वेळ धरावी. फोनचे घड्याळ मागे करून लोक फसवणूक करतील, असा आक्षेप यावर घेतला जातो आणि तो रास्त आहे. पण फोनला उपग्रहांकडून स्थानाबरोबर वेळही मिळते आणि तिला इंटरनेट लागत नाही. मोकळ्या शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या नोंदीवर ती वेळ उमटवणे शक्य आहे. या अटी पाळल्या गेल्या की नाही, हे ॲप ताब्यात घेण्याआधीच्या स्वीकृती चाचणीत संबंधित खात्याच्या अधिकाऱ्यांनी दुर्गम तालुक्यात जाऊन पाहावे आणि त्यानंतरच देयक अदा करावे.

कळावे.

आपला विश्वासू,
एक ॲप विकासक, पुणे