घाटघरचा पाऊस धरण भरेपर्यंतच मोजायचा का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल आपल्या दैनिकात पहिल्या पानावर ‘परतीच्या पावसाचा जिल्ह्याला दिलासा’ असा मथळा होता. ज्वारीला ओल मिळाली, विहिरींना पाणी उतरलं, शेतकरी सुखावला. पाथर्डी, जामखेड, कर्जतच्या शेतकऱ्याला ही ओल मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे. तिकडे पाऊस हुकला की काय हाल होतात ते आम्ही जाणतो. पण अकोले तालुकाही याच जिल्ह्यात येतो. या तालुक्याच्या पश्चिमेला, कळसूबाईपासून हरिश्चंद्रगडापर्यंतच्या डोंगरात, त्याच आठवड्यात सोंगलेलं, म्हणजे कापलेलं, भात खाचरातल्या पाण्यात पडून होतं. त्याबद्दल अख्ख्या बातमीत एक ओळ नाही.

आपल्या हवामानाच्या चौकटीत नगर शहराचं कमाल-किमान तापमान येतं, म्हणून आमच्याकडचा आठवडा कसा गेला ते सांगतो. सोमवार, मंगळवार आभाळ स्वच्छ होतं. पहाटे बांधावरून चाललं तर दवाने गुडघ्यापर्यंत कपडे भिजत होते, दुपारी चटका बसत होता. अशी हवा लागली की गावोगाव विळे निघतात. हळवं, म्हणजे लवकर येणारं, भात पिकल्यावर थांबून चालत नाही, दाणा झडतो. बुधवारी दुपारपासून वारा पडला. श्रावणातला पाऊस आमच्याकडे कोकणातून कडा चढून येतो, तो लांबून दिसतो. परतीचा उगवतीकडून, पाठीमागून येतो. विजा सुरू झाल्या तेव्हा बायामाणसं खाचरात होती. अंधार पडेपर्यंत नुसता कोसळत होता. गुरुवारी तेच, शुक्रवारीही तेच. शनिवारी दिवस वर येईपर्यंत धुकं हललं नाही. रविवारी लख्ख ऊन पडलं आणि खाचराखाचरांतून कुजका वास यायला लागला.

सोंगलेलं भात कडप्यांवर, म्हणजे खाचरातच पसरून ठेवलेल्या मुठींत, दोन-तीन दिवस वाळावं लागतं, मग भारे बांधून खळ्यावर नेतात आणि झोडतात. हे दोन-तीन दिवस गेले की पावसाळाभर केलेलं काम गेलं. ‘पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा’ असं चित्रा नक्षत्रातल्या पावसाबद्दल आमची म्हातारी माणसं म्हणतात. आपल्या वार्ताहराने तालुक्यातल्या कोणाही म्हाताऱ्याला चित्राच्या पावसाबद्दल विचारलं असतं, तर ‘दिलासा’ हा शब्द त्याने लिहिला नसता.

माझ्या भावजयीचं सांगतो. भाऊ नाशिकला कारखान्यात कामाला आहे, शेती तीच बघते. मंगळवारी तिने सावडीने, एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबणारी, माणसं घेऊन हळव्या भाताची तीन खाचरं सोंगली. शुक्रवारपर्यंत कडप्यांना मोड आले. मूठभर लोंब्या तिने माझ्या हातात दिल्या. दाणा काळा पडलेला, बोटांनी दाबला तर पिठूळ. असं भात गिरणीत नेलं तर नुसती कणी निघते, आणि ती कणीही वासाची. भाताण, म्हणजे भाताचा पेंढा, काळं पडलंय, ते डांगी बैलसुद्धा हुंगून सोडतात. म्हणजे माणसाचं गेलं आणि जनावराचंही गेलं. उभं असलेलं काळभात आणि जिरवेल या वाणांचं भात आडवं झालंय. त्यातलं किती हाती लागेल ते दिवाळीनंतरच कळेल.

सोमवारी ती सरकारी कार्यालयात पंचनाम्याचं विचारायला गेली. तिला सांगण्यात आलं की अतिवृष्टी धरायला २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस लागतो, आणि आपल्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर त्या दिवशी तेवढा लागलेला नाही. ते यंत्र डोंगराच्या पलीकडे, सडकेच्या गावात बसवलेलं आहे. आमच्या भागात डोंगराच्या एका सोंडेच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे ऊन हे शेळ्या वळणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. तिने पिशवीतून मोडाची लोंबी काढून टेबलावर ठेवली. साहेब वाईट बोलले नाहीत, पण ‘आकडा लागतो’ एवढंच म्हणाले. तीन दिवस पाण्यात उभं राहून कडपे उलटणाऱ्या बाईने आकडा कुठून आणायचा?

विम्याचं विचाराल तर २०२३ आणि २०२४ च्या खरिपात एक रुपयात विमा होता. तेव्हा सोंगून वाळत घातलेल्या पिकाचं नुकसान त्यात धरलं जायचं, मात्र ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून लोक टेकडीवर चढून बसत, पण निदान कळवायला जागा होती. २०२५ च्या खरिपात राज्याने ते कलमच काढलं आणि सगळा हिशेब पीक कापणी प्रयोगातल्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर आणून ठेवला. डोंगरातल्या भाताला सरासरी कसली लावता? खालच्या गावाचं चांगलं पिकलं की वरच्या गावाचं नुकसान कागदावर पुसलं जातं. यावर आपल्या दैनिकात अग्रलेख यायला हवा होता. मी रोज वाट पाहिली.

आता मूळ तक्रारीवर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपण भंडारदरा धरणाच्या वरच्या अंगाच्या आमच्या गावांचा पाऊस रोज छापता: घाटघर इतके मिलिमीटर, रतनवाडी इतके, पांजरे इतके. शेजारी भंडारदऱ्याचा साठा, ११,०३९ पैकी किती दशलक्ष घनफूट, आणि १५ ऑगस्टच्या आत धरण भरणार की नाही. नगर शहरात वर्षभरात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, घाटघरला पाच हजारांच्या घरात. त्या पावसावर खाली राहाता, श्रीरामपूर, राहुरीचा ऊस उभा राहतो, म्हणून त्याचा थेंबन् थेंब मोजला जातो. मोजावाच. पण धरण सांडव्यावरून वाहिलं की दुसऱ्या दिवसापासून घाटघर आणि रतनवाडी आपल्या पानावरून गायब होतात. ऑक्टोबरात त्याच गावांवर पडलेला पाऊस कोणाच्या कालव्याला लागत नाही, आमचं भात मात्र कुजवतो. तो पाऊस छापायला एका ओळीची जागा नसावी? धरण १९२६ साली पुरं झालं. आमच्या आज्या-पणज्यांच्या जमिनी त्याच्या पोटात गेल्या, आणि उरलेल्या खाचरांत आम्ही भात करतो. आम्ही खालच्या लोकांचं पाणी मागत नाही. आमच्या पावसाची बातमी मागतो आहोत. छापून आलेला आकडा हातात घेऊन माणूस कार्यालयात उभा राहू शकतो.

आणखी एक. त्याच अंकात शेवटच्या पानावर मोठं रंगीत छायाचित्र आहे, ‘सोनकीच्या गालिच्यावर पर्यटकांची झुंबड’. ती सोनकी नाही, खुरासणी आहे. सोनकी सड्यावर आपोआप उगवते. खुरासणी कोणीतरी वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, रानात पेरलेली असते, आणि घरचं तेल त्याच पिकाचं असतं. छायाचित्रातली मंडळी कोणाच्या तरी उभ्या पिकात आडवी होऊन फोटो काढत आहेत. पावसाने फुलोरा झडला, राहिलेला पायाखाली गेला. आपण असं छापल्यावर येत्या रविवारी आणखी गाड्या येतील. घाटातल्या रस्त्यावर गेल्या रविवारी भाताचे भारे घेऊन निघालेली बैलगाडी तासभर अडकली होती, ती कशामुळे याचीही चौकशी करावी.

घाटघर, रतनवाडी, पांजरे इथला पाऊस भातझोडणी संपेपर्यंत रोज छापावा, आणि छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करून तशी सूचना द्यावी, ही विनंती. चार दिवसांत स्वाती नक्षत्र लागेल, आणि गरवं, उशिरा येणारं, भात अजून रानात आहे. आपला वार्ताहर पाठवणार असाल तर तो याच आठवड्यात पाठवा. खळ्यावर गेल्यावर नुकसान दाखवता येत नाही, चांगलं-वाईट सगळं एकात मिसळतं. त्याची राहायची, जेवायची सोय आम्ही करू.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
अकोले तालुका (पश्चिम भाग)