बॅटरी तपासून झाली आहे, रेग्युलेटर पाठवा

प्रति,
सेवा विभाग प्रमुख

विषय : होडीच्या ६० एचपी आउटबोर्ड इंजिनाचं चार्जिंग बंद, वॉरंटीत रेक्टिफायर-रेग्युलेटर मिळण्याबाबत

तुमच्या हेल्पलाइनशी आज शेवटचं बोललो. यापुढे जे काय ते लेखी.

इंजीन तुमचं, त्यामुळे ते कसं चालतं हे मी सांगायला नको. फ्लायव्हीलखालचा स्टेटर एसी देतो, रेक्टिफायर-रेग्युलेटर त्याचा डीसी करून बॅटरीला पुरवतो. माझ्याकडे यातलं दुसरं काम बंद पडलंय. इंजीन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट. ३००० आरपीएमला नेलं की १४ च्या आसपास दिसायला हवं. दिसतं १२.३, आणि बिल्ज पंप (होडीच्या तळातलं पाणी उपसणारा) लावला की आणखी उतरतं. फ्यूज शाबूत आहे. टर्मिनल घासून नट पान्याने आवळलेत. स्टेटरचा प्लग काढून तिन्ही पिवळ्या वायरी तपासल्या : कुठल्याही दोन धरा, रेझिस्टन्स सारखाच, आणि अर्थला एकही लागत नाही. इंजीन चालू केल्यावर एसी व्होल्टेज तिन्ही जोड्यांत सारखं येतं, थ्रॉटलबरोबर चढतं. म्हणजे स्टेटर ठीक. शेवटी शेजारच्या होडीवर तुमचंच, याच मॉडेलचं इंजीन आहे, त्याचा रेग्युलेटर उतरवून लावला. १४.२. कुठल्याही मेकॅनिकसाठी विषय इथे संपतो.

तुमच्याकडे मात्र एकच उत्तर : बॅटरी बदला. बदलली. नवी कोरी, तुम्ही सांगितली त्याच अ‍ॅम्पिअरची. तीही संध्याकाळपर्यंत बसली. हे कळवल्यावर उत्तर आलं : बॅटरी बदला.

आता आजचा फोन. "सीनियर टेक्निकल"कडे जोडून दिला म्हणाले. त्या गृहस्थांनी आधी गाडीचा नंबर विचारला. एमएच-०७ पुढे काय, म्हणे. मी सांगितलं, होडी आहे. "ओके सर, रनिंग किती किलोमीटर?" मी म्हटलं, आउटबोर्डचे तास मोजतात. "ओके सर, मग तासाला किती किलोमीटर?" आमचा खलाशी बाजूलाच होता. तो म्हणाला, "ह्यांका होडी म्हंजे काय तां तरी म्हायत आसा काय?" मी फोनवर हात ठेवला, कारण मला भांडायचं नव्हतं. तेव्हा नव्हतं.

मग त्यांनी चार्जिंग व्होल्टेज मोजायला सांगितलं. मी तयारच होतो, वरचे सगळे आकडे वाचून दाखवले. पलीकडे जरा वेळ शांतता. मग प्रश्न : "हे कोणी मोजलं सर?" मी. "म्हणजे कव्हर तुम्ही उघडलंत?" हो. "मग सर, ही छेडछाड धरली जाते, वॉरंटी लागू होणार नाही." मोजा म्हणणारेही तेच आणि मोजलं म्हणून वॉरंटी घालवणारेही तेच! कव्हर न उघडता स्टेटरचं व्होल्टेज मोजायची तुमच्या कंपनीत काही विद्या असेल तर जरूर शिकवा. फ्यूज कव्हरखालीच आहे आणि तो मालकाने बदलावा असं तुमचंच मॅन्युअल म्हणतं. मी ते वाचलंय. तुमच्याकडे कोणी वाचलंय का, हे विचारायचं राहून गेलं.

छेडछाड धरली जाते असं ते म्हणाले, तेही मी ऐकून घेतलं, तर पुढे सल्ला : "गाडी मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला सोडा." परत गाडी. मालवणाहून मुंबई. ऐन मे महिन्यात, जेव्हा देवबागात पाय ठेवायला जागा नसते आणि पाऊस लागला की होड्या वर ओढाव्या लागतात.

हे इंजीन इंजेक्शनचं आहे. बॅटरी पडली की फ्युएल पंप थांबतो आणि इंजीन बंद. कर्ली नदीच्या मुखाशी, सुकती म्हणजे ओहोटी लागलेली असताना, पर्यटक बसलेले असताना ते बंद पडलं. दुसऱ्या होडीने दोर टाकून ओढून आणलं. त्या वेळी तुमच्या हेल्पलाइनवर गाणं वाजत होतं.

"कमर्शियल वापर आहे" हेही आधी ऐकवून झालंय. वॉरंटी कार्डावर तशी अट नाही. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. होडी मीच चालवतो. जिल्हा ग्राहक आयोगात हेच मांडेन. तुमच्या वकिलाला इकडे यावं लागेल, गाडीने आले तरी चालेल.

याआधीचं इंजीनही तुमचंच होतं. गावात चौघांना मीच सांगून घ्यायला लावलं. आता विचारायला येतात तेव्हा गप्प बसतो.

बिल, वॉरंटी कार्ड आणि मीटरचे फोटो जोडलेत. रेग्युलेटर आठवड्यात कुरियरने देवबागला पाठवा. लावायला तुमचा माणूस नको, दोन बोल्ट आणि प्लगचं काम आहे. सोबत एवढं मात्र सही-शिक्क्यानिशी लिहून द्या की ते बोल्ट मी खोलल्याने वॉरंटी जाणार नाही.

होडीमालक,
देवबाग, ता. मालवण