घड्याळ काढून काय साधले?

विनोदी मालिकांवरचा पुरवणीतला लेख आवडला, पण त्यात 'वॉचिंग एली' राहून गेली. एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर २००२मध्ये आलेली अभिनेत्री ज्युलिया लुई-ड्रायफसची ही मालिका दर भागात नायिका एलीच्या आयुष्यातली सलग २२ मिनिटे दाखवायची. पडद्यावर उलटे मोजणारे घड्याळ, आणि पार्श्वभूमीला हशा नाही. समीक्षकांत एकमत झाले नाही. काहींना घड्याळच खुपले. त्याच सुमाराच्या '२४' या थरारमालिकेतल्या घड्याळाचे मात्र कौतुक! थरारात सेकंद मोजायला मजा येते, विनोदात ते लक्ष विचलित करते, हे मान्य. पण २००३च्या दुसऱ्या पर्वात घड्याळ काढून प्रेक्षकांचा हशा आणला, ते मला पटत नाही. उरली ती चारचौघींसारखी मालिका. तीही त्याच वर्षी गुंडाळली गेली.

– एक वाचक, ठाणे