बाळाच्या ऑपरेशनबद्दल

ठाणे (पश्चिम)

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही फोनवर विचारलेत की हसत्याखेळत्या बाळाच्या छातीला हात लावायचाच कशाला. तेव्हा ते कडेवर रडत होते आणि मला धड उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दिसलेल्या ज्या भागाला आपण घरात ‘गाठ’ म्हणत आलो, तिथे खरे तर श्वासनलिकांची घडण बिघडून डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या लोबमध्ये, म्हणजे खालच्या कप्प्यात, पोकळ्या झाल्या आहेत. आठव्या महिन्यात ती सोनोग्राफीत दिसेनाशी झाली तेव्हा आई, तू देवीची ओटी भरलीस, आणि जन्मानंतरचा एक्स-रेही स्वच्छ आला. पण एक्स-रे स्वच्छ असूनही दोष आत राहिलेला असू शकतो. चौथ्या महिन्यात केलेल्या सीटी स्कॅनमध्ये तो स्पष्ट दिसला.

तुमचे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. जन्मतः त्रास नसलेल्या बहुतेक मुलांना पहिली काही वर्षे काहीच होत नाही, आणि याच कारणाने काही सर्जन नुसते लक्ष ठेवतात, तर काही जण मूल वर्षाचे होण्याच्या आत शस्त्रक्रिया करून तो लोब काढतात. आम्ही दाखवलेल्या दोन डॉक्टरांची मतेही वेगळी पडली. मात्र थांबायचे म्हटले तरी प्रत्येक ताप-खोकल्याला धास्ती, पुढे पुन्हा सीटी स्कॅन आणि त्याचे किरण हे आलेच.

आम्हाला निर्णायक वाटले ते हे, की त्या पोकळ्यांत एकदा न्यूमोनिया झाला की आतले भाग एकमेकांना चिकटतात आणि मग दुर्बिणीने करता येण्याजोगे ऑपरेशन अवघड होऊन बसते. शिवाय पहिल्या काही वर्षांत फुफ्फुसातले वायुकोश वाढत असतात, त्यामुळे एक लोब काढला तरी उरलेले फुफ्फुस ती जागा भरून काढते. आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. मागच्या आठवड्यात मी आत्या-मावशींच्या थायरॉईडबद्दल खोदून विचारले, ते उगाच नव्हते. फुफ्फुसाचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग स्कॅनमध्ये हुबेहूब असाच दिसतो, आणि त्यामागचा जनुकीय दोष ज्या घरात असतो तिथे लहान वयात थायरॉईडच्या किंवा मूत्रपिंडाच्या गाठी आढळतात. आपल्याकडे तसे काही नाही, म्हणून ती भीती बरीच कमी झाली. पूर्ण गेलेली नाही. काढलेला भाग तपासला गेल्यावरच जाईल.

भुलेची काळजी मलाही आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ साली तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून लांबलेली किंवा वारंवार दिलेली भूल याबद्दल सावधगिरीची सूचना दिली होती, ती मी डॉक्टरांपुढे ठेवली. एकच आणि शक्य तितकी कमी वेळाची भूल, असे त्यांनी सांगितले. रक्तस्राव किंवा हवा गळत राहणे हे धोकेही त्यांनी लपवले नाहीत. छातीत काही दिवस नळी राहील, ती पाहून आई, तू घाबरू नकोस.

बाळाला आठवा महिना लागला की तारीख घेऊ. तुम्ही आठवडाभर आधी चिपळूणहून मांडवी एक्स्प्रेसने या. मात्र दोघांपैकी कोणाला सर्दी-खोकला असेल तर बरे वाटेपर्यंत प्रवास पुढे ढकला, कारण त्या दिवसांत बाळाला साधी सर्दी झाली तरी ऑपरेशन लांबेल.

तुमची,
लेक