नवोदित गायक-वादकांच्या सभांसाठी निधीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

मंडळाची नवोदितांची मासिक सभा यंदाही बंद पडू द्यायची नाही, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. हाती शिल्लक फार थोडी आहे, म्हणून हे पत्र.

आजवर हे काम चालले ते आपल्यातल्याच माणसांमुळे. बैठकीत वाजणारी मिरजेच्या तानपुऱ्यांची जोडी एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी आपल्या फंडाच्या पैशांतून घेऊन दिली. जवारी काढून घेण्याचा, म्हणजे तारांचा नाद खुलावा म्हणून घोडी घासून घेण्याचा, खर्चही त्या दर वर्षी न मागता पाठवतात. आपल्या दिवंगत अध्यक्षांनी स्वतःचा दिवाणखाना कित्येक वर्षे मैफलींसाठी मोकळा ठेवला. बाहेरगावच्या मुलांना त्या घरून उपाशी कधी जाऊ दिले नाही, ते काकूंनी. इथे पहिल्यांदा सलग आलाप-जोड-झाला, म्हणजे संथ सुरुवातीपासून द्रुत झाल्यापर्यंत रागाची तबल्याविना मांडणी, वाजवलेली मुले आज मोठ्या महोत्सवांत वाजवायला बसतात आणि परिचयात आवर्जून मंडळाचे नाव सांगतात. आम्हाला याचा फार अभिमान आहे.

स्पर्धेत दहा मिनिटे मिळतात. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालातला ख्याल बढतीने, म्हणजे राग सुरासुराने खुलवत, मांडायला पाऊण तास तरी हवा. तो आपण देतो. अनेक ठिकाणी तबला-पेटीच्या साथीचे पैसे गाणाऱ्या मुलानेच भरायचे असतात. आपल्याकडे कलाकारासह दोन्ही साथीदारांना मंडळ मानधन देते, आणि निधीचा मोठा भाग तिथेच खर्च होतो.

१९४६ साली पुण्यात आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या षष्ट्यब्दीला तरुण भीमसेन जोशी गायले, तेव्हा समोर ऐकणारे होते. गेल्या वार्षिक संमेलनात आपली एक गुणी मुलगी राग पुरिया धनाश्री गायली तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि मध्यंतरानंतर नामवंत कलाकारासाठी उभे राहायला जागा नव्हती. ते मनाला लागले. देणगीइतकीच आपली हजेरीही हवी आहे.

देणगी धनादेशाने मंडळाच्या नावे, किंवा कार्यालयातील क्यूआर कोडवर. आयकर सवलत हवी असल्यास पॅन क्रमांक द्यावा व २,००० रुपयांवरील रक्कम रोख देऊ नये. पावती मागून घ्यावी. एका सभेचा सगळा खर्च उचलणाऱ्यांनी कोणाच्या स्मरणार्थ ते कळवावे, पत्रिकेत छापू. पत्रिका छपाईला जाण्यापूर्वी, म्हणजे महिनाअखेरीपर्यंत कळवावे.

आपला,
कार्यवाह